मेली कशी, ते आधी सांगा

दुसरा पेट स्कॅन झाला की कर्करोगाच्या रुग्णाच्या घरचे पहिला प्रश्न विचारतात, तो म्हणजे ‘किती टक्के जळालं?’ डॉक्टर आकडा सांगतात, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि पुढच्या केमोची तारीख ठरते. घाबरलेल्या माणसाला आकड्याचा आधार लागतो, त्यात गैर काही नाही. पण हाच आकडा सगळ्या उपचारांचा एकमेव निकष होऊन बसला, वर्तमानपत्रांतल्या लेखांपासून परिषदांतल्या भाषणांपर्यंत सगळीकडे ‘औषधाने किती पेशी मारल्या’ एवढंच मोजलं जाऊ लागलं, तर त्याच्याशी भांडावंच लागतं.

ज्या मताशी मला भांडायचं आहे ते स्वच्छ शब्दांत मांडतो. कर्करोगाची पेशी शत्रू आहे. केमोथेरपी आणि रेडिएशन हे तिला मारण्याचे उपाय आहेत. जितक्या जास्त पेशी मरतील तितकं चांगलं. पेशी मेली की तिचा कचरा झाला, शरीर तो साफ करतं, विषय संपला. राहिली प्रतिकारशक्ती, तर ती केमोने अशीही आडवीच होते, त्यामुळे केमो सुरू असताना तिचा विचार करण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी वेगळी आणि महाग औषधं आहेत, परवडली तर ती घ्या.

या मतातलं जवळपास प्रत्येक वाक्य अपुरं आहे, आणि काही तर सरळ चुकीची आहेत. मरणारी पेशी गप्प नसते. मरता मरता ती शरीराला काहीतरी कळवते. कधी ते ‘इथे धोका आहे, धावून या’ असं असतं, कधी ‘काही झालेलं नाही, परत जा’ असं, आणि कधी तर शेजारच्या जिवंत कर्कपेशींना ‘वाढा’ असं. यातलं कोणतं कळवलं जाईल हे ती पेशी कशाने आणि कशी मेली यावर ठरतं. मग नुसती मेलेल्यांची संख्या मोजून काय कळणार?

या हिशेबाचा उगम आधी पाहू. 1960 च्या दशकात अमेरिकेत हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करून एक गणित मांडलं. औषधाचा प्रत्येक डोस ठरावीक संख्येने नव्हे तर ठरावीक प्रमाणात पेशी मारतो, म्हणून शेवटची पेशी मरेपर्यंत डोस देत राहिलं पाहिजे. लहान मुलांच्या ल्युकेमियात या विचाराने जीव वाचवले, ते कुणी नाकारू नये. पण ल्युकेमियातलं गणित स्तनाच्या, फुप्फुसाच्या, तोंडाच्या घट्ट गाठींना तसंच लावलं गेलं, आणि त्याचा शेवट कुठे झाला ते सोयीस्करपणे विसरलं जातं. 1990 च्या दशकात हजारो स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगासाठी इतक्या प्रचंड मात्रेत केमो दिली गेली की त्यांची अस्थिमज्जा नष्ट होई आणि मूळपेशी परत चढवाव्या लागत. जास्त मारा, जास्त फायदा, एवढाच त्यामागचा तर्क होता. मे 1999 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कर्करोग परिषदेत चाचण्यांचे निकाल मांडले गेले तेव्हा दिसलं की या छळाने आयुष्य वाढत नव्हतं. एकच निकाल ठळकपणे उजवा होता, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्नर बेझवोडा यांचा, आणि पुढच्याच वर्षी त्यात लबाडी असल्याचं उघड झालं. हे उपचार अपयशी ठरण्याची कारणं अनेक असतील. पण ‘जितक्या जास्त पेशी मरतील तितकं चांगलं’ हे वाक्य त्या अनुभवानंतरही कुणी छातीठोकपणे कसं म्हणू शकतं?

आता ‘मेलेली पेशी म्हणजे कचरा’ या समजुतीकडे येऊ. तिचं मूळ एका चांगल्या शोधात आहे. 1972 मध्ये जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी यांनी पेशींच्या एका शांत, आखीव मृत्यूचं वर्णन केलं आणि त्याला अपोप्टोसिस हे नाव दिलं. पेशी आक्रसते, तिचे पटलात गुंडाळलेले तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात, आणि आजूबाजूला दाह होत नाही. निरोगी माणसाच्या शरीरात रोज 5,000 कोटींच्या आसपास पेशी अशा मरतात. त्या प्रत्येक मृत्यूवर प्रतिकार यंत्रणा खवळली असती तर आपण जगलोच नसतो. मेलेल्या पेशी नीट साफ होत नाहीत तेव्हा काय होतं, हे ल्युपससारख्या आजारात दिसतं. पुढे असंही आढळलं की अशा पेशी गिळणाऱ्या भक्षक पेशी दाह वाढवणारी रसायनं कमी सोडतात आणि दाह शमवणारी जास्त. इथपर्यंत सगळं खरं. चूक पुढच्या पायरीवर झाली. केमोने मरणाऱ्या बहुतेक कर्कपेशीही अपोप्टोसिसनेच मरतात, म्हणून त्यांचा मृत्यूही मुका, असं गृहीत धरलं गेलं आणि पाठ्यपुस्तकांत तेच छापत राहिले.

पॅरिसजवळच्या व्हिलज्विफ गावातल्या गुस्ताव रूसी संस्थेत गुइडो क्रोमर आणि लॉरेन्स झिटवोगेल यांच्या गटाने 2005 मध्ये हे गृहीतक मोडलं. तो प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. उंदराच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी त्यांनी काचेच्या ताटलीत वाढवल्या आणि त्यांवर डॉक्सोरुबिसिन टाकलं. हे तेच लाल रंगाचं औषध, जे आपल्याकडच्या प्रत्येक केमो वॉर्डात सलाइनमधून थेंबाथेंबाने चढत असतं. त्या मरणाऱ्या पेशी एका बाजूच्या कुशीत त्वचेखाली टोचल्या. लसीत सहसा घालतात तसं कोणतंही उत्तेजक द्रव्य सोबत दिलं नाही. काही दिवसांनी दुसऱ्या कुशीत त्याच कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचल्या. एरवी तिथे गाठ हमखास व्हायची. या उंदरांपैकी बहुतेकांत ती झालीच नाही. मेलेल्या पेशींनी लसीचं काम केलं होतं. मायटोमायसिन-सी या दुसऱ्या औषधानेही पेशी तशाच अपोप्टोसिसने मेल्या, पण त्यांनी असं संरक्षण दिलं नाही.

फरक कशात होता? 2007 मध्ये त्याच गटाने उत्तर दिलं: कॅलरेटिक्युलिन. हे प्रथिन एरवी पेशीच्या आत, प्रथिनांच्या घड्या घालणाऱ्या जाळीत असतं. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने त्या जाळीवर ताण आला की ते काही तासांत पेशीच्या पृष्ठभागावर येतं, पेशी अजून मेल्यासारखी दिसतही नसते तेव्हाच. तिथे ते डेंड्रिटिक पेशींना ‘मला गिळा’ अशी खूण करतं. डेंड्रिटिक पेशी तुकडे गिळतात, लसिका ग्रंथीत जातात आणि टी-पेशींना शत्रूची ओळख पटवून देतात. संशोधकांनी मायटोमायसिनने मेलेल्या मुक्या पेशींवर बाहेरून कॅलरेटिक्युलिन चढवलं, तर त्याही लस म्हणून काम करू लागल्या. उलट डॉक्सोरुबिसिनने मरणाऱ्या पेशींतलं कॅलरेटिक्युलिन बंद पाडलं, तर त्या मुक्या झाल्या. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

कॅलरेटिक्युलिन एकटं नाही. मरताना पेशी एटीपी हे ऊर्जा पुरवणारं रसायन बाहेर सोडते आणि त्याचा माग काढत भक्षक पेशी येतात. नंतर पेशीकेंद्रातलं एचएमजीबी-1 हे प्रथिन बाहेर पडतं आणि डेंड्रिटिक पेशींवरच्या टीएलआर-4 या ग्राहकाला जाऊन चिकटतं. गावात म्हातारं माणूस झोपेत गेलं तर सोयरे येतात आणि विधी होतात, पण अंगावर वार असलेला देह सापडला तर पोलिस येतात, पंचनामा होतो, शोध सुरू होतो. दोन्ही देह सारखेच निपचित असतात. ‘एक माणूस मेला’ एवढीच नोंद ठेवली तर त्यातला फरक कुठे उमटतो?

‘सगळी औषधं शेवटी पेशीच मारतात’ असं म्हणणाऱ्यांनी सिस्प्लॅटिन आणि ऑक्झालिप्लॅटिन ही जोडी पाहावी. दोन्ही प्लॅटिनमची औषधं, दोन्ही डीएनएला इजा करतात, दोन्ही आपल्या रुग्णालयांत रोज वापरली जातात. प्रयोगशाळेत ऑक्झालिप्लॅटिनने मरणाऱ्या पेशींवर कॅलरेटिक्युलिन येतं, सिस्प्लॅटिनने मरणाऱ्यांवर येत नाही. मेलेल्या पेशींची संख्या जवळपास तीच असली तरी शरीराला कळतं ते वेगळं.

यावर ठेवणीतला आक्षेप येतो: केमोने पांढऱ्या पेशी कोसळतात, मग ऐकायला उरतं कोण? हा आक्षेप ऐकायला पटतो आणि तपासला की टिकत नाही. पांढऱ्या पेशी पडतात आणि पुन्हा भरून येतात, म्हणूनच तर दोन डोसांत तीन आठवड्यांचं अंतर ठेवतात. शिवाय प्रतिकार यंत्रणा खरंच बिनकामाची असती, तर तिच्याविना केमो तितकीच चालायला हवी होती. तशी ती चालत नाही. टी-पेशी नसलेल्या उंदरांत तेच औषध, तीच मात्रा, तीच गाठ असूनही अनेक प्रयोगांत परिणाम फार कमी पडला. म्हणजे ज्याला आपण औषधाचं काम समजत होतो त्यातलं बरंचसं टी-पेशी करत होत्या. 2007 मध्येच फ्रान्समधल्या स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्यांच्या टीएलआर-4 च्या जनुकात एक छोटा बदल होता, म्हणजे मरणाऱ्या पेशीची हाक ज्यांच्या शरीराला नीट ऐकू येत नव्हती, त्यांचा कर्करोग त्याच केमो-रेडिएशननंतर लवकर उलटला. त्या स्त्रिया काही उंदीर नव्हत्या.

(केमोने प्रतिकारशक्ती आडवीच होते, या गैरसमजावर काढे आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ विकणाऱ्यांची दुकानं चालतात. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे की ओतलं आणि वाढलं. टी-पेशीला शत्रू दाखवून दिला जातो की नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि कोणताही काढा त्याचं उत्तर देत नाही.)

इथवरची गोष्ट आशेची आहे. यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याच्याविषयी जवळपास कुणी बोलत नाही. मारलेल्या पेशी रोगाला मदतही करतात.

1956 मध्ये लाझ्लो रेव्हेस यांनी दाखवलं होतं की क्ष-किरणांनी मारलेल्या कर्कपेशी थोड्या जिवंत कर्कपेशींत मिसळून टोचल्या तर त्या जिवंत पेशींची गाठ अधिक सहज धरते. हे का होतं, ते कळायला अर्धं शतक लागलं. 2011 मध्ये चुआन-युआन ली यांच्या गटाने दाखवलं की रेडिएशनने मरणाऱ्या पेशीत कॅस्पेज-3 हे विकर जागं होतं, तेच तिचा आखीव मृत्यू घडवून आणतं, आणि त्याच ओघात प्रोस्टाग्लँडिन ई-2 तयार होतं. ते बाहेर पडून उरलेल्या जिवंत कर्कपेशींना वाढीला लावतं. याच संशोधकांनी डोक्या-मानेच्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या गाठींचे नमुने तपासले. ज्यांच्या गाठीत जागं झालेलं कॅस्पेज-3 जास्त, त्यांच्यात रोग उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे मरणाची खूण जिथे जास्त, तिथे निकाल वाईट. संख्येच्या उपासकांनी याचा हिशेब कसा लावायचा?

प्रोस्टाग्लँडिन ई-2 एवढ्यावर थांबत नाही, ते डेंड्रिटिक पेशी आणि टी-पेशींनाही आवरतं. पेशीने सोडलेल्या एटीपीचंही तसंच. गाठीतल्या सीडी-39 आणि सीडी-73 या विकरांनी त्याचे तुकडे केले की त्यातून अ‍ॅडेनोसिन बनतं, आणि अ‍ॅडेनोसिन टी-पेशींना झोपवतं. जी हाक मदतीला बोलावणार होती तिचंच काही क्षणांत ‘परत जा’ होतं. पेशी फुटून मेली तर तिच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडतं. 2016 मध्ये निकोलस रेस्टिफो यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की गाठीतल्या द्रवात पोटॅशियम रक्तापेक्षा कित्येक पट जास्त असतं आणि त्यात टी-पेशी लुळ्या पडतात. गाठ आतून सडते आहे, पेशी ढिगाने मरत आहेत, आणि त्या मरणाच्याच चिखलात आपलं सैन्य रुतलं आहे. स्कॅनवर मात्र ‘मृत भाग वाढला’ अशी नोंद होते आणि सगळे समाधानी होतात.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग 2020 मध्ये बीजिंगमध्ये फेंग शाओ यांच्या गटाने केला. उंदरांच्या स्तनाच्या गाठीतल्या काही पेशींत त्यांनी गॅस्डर्मिन हे प्रथिन पोचवलं. ते पेशीपटलाला भोकं पाडतं आणि पेशी फुगून, दाह पेटवत मरते. गाठीतल्या 15 टक्क्यांपेक्षाही कमी पेशी अशा मेल्या, आणि अख्खी गाठ नाहीशी झाली. टी-पेशी काढून टाकल्या तर हा परिणाम होत नव्हता. बाकीच्या 85 टक्क्यांहून जास्त पेशी औषधाने मेल्या नाहीत, त्यांना टी-पेशींनी शोधून मारलं. 15 टक्के पेशी मारणारा उपचार आजच्या निकषावर नापास होईल. गाठ 15 टक्के कमी करणाऱ्या औषधाला परिषदेत व्यासपीठ तरी मिळेल का?

‘हे सगळं उंदरांत’ हा शेवटचा आणि सर्वांत आवडता आक्षेप. माणसांतले निकाल पाहू, गैरसोयीचे सुद्धा. अ‍ॅमस्टरडॅममधल्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटने 2019 मध्ये ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या, पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या 67 स्त्रियांवरच्या चाचणीचे निकाल छापले. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे टी-पेशींना कामाला लावणारं औषध देण्याआधी दोन आठवडे कुणाला थोडं डॉक्सोरुबिसिन, कुणाला सिस्प्लॅटिन, कुणाला सायक्लोफॉस्फमाइड, कुणाला रेडिएशन दिलं, तर कुणाला काहीच नाही. एकूण प्रतिसाद 20 टक्के, पण डॉक्सोरुबिसिनच्या गटात 35 टक्के आणि सिस्प्लॅटिनच्या गटात 23. रेडिएशन आणि सायक्लोफॉस्फमाइडचे गट काहीही न दिलेल्यांच्या मागे राहिले. गट लहान होते, आणि उंदरांत मुकं ठरलेलं सिस्प्लॅटिन इथे दुसरं आलं. मग उंदरांचे नियम माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, असं म्हणा. पण ‘आधीच्या मृत्यूचा प्रकार काहीही असला तरी फरक पडत नाही’ असं या आकड्यांवरून कोण म्हणेल?

आता अपयशं. रेडिएशनने एका जागची गाठ मारली की क्वचित दूरच्या गाठीही विरघळतात, हे 1953 मध्ये मोल यांनी नोंदवलं, आणि 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या मेलानोमाच्या एका रुग्णात इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधासोबत ते ठळकपणे दिसलं. त्यानंतर सगळीकडे रेडिएशन आणि इम्युनोथेरपी एकत्र द्यायची लाट आली. डोक्या-मानेच्या कर्करोगात केमो-रेडिएशनसोबत अव्हेलुमॅब देणारी मोठी चाचणी अपयशी ठरली, आणि फुप्फुसाच्या कर्करोगात डर्व्हालुमॅब सोबतीने देणारी पॅसिफिक-2 सुद्धा. विरोधक लगेच म्हणाले, बघा, मेलेल्या पेशींची ही कहाणी पोकळ आहे. पण तेच डर्व्हालुमॅब केमो-रेडिएशन संपल्यावर दिलं त्या पॅसिफिक चाचणीत 713 रुग्णांपैकी ते मिळालेल्यांत रोग न वाढता राहण्याचा मध्यक काळ 5.6 महिन्यांवरून 16.8 महिन्यांवर गेला, आणि पाच वर्षांनी 33.4 ऐवजी 42.9 टक्के रुग्ण जिवंत होते. औषध तेच, रेडिएशन तेच, मोठा फरक क्रमाचा. लसिका ग्रंथीत टी-पेशी तयार होत असताना त्याच ग्रंथी किरणांनी भाजून काढल्या तर मरणाऱ्या पेशीने कितीही हाका मारल्या तरी ऐकायला येणार कोण, अशी शंका कितीतरी तज्ज्ञ घेतात. या अपयशांतून मला एवढंच दिसतं की पेशी कशी मेली, केव्हा मेली आणि त्या वेळी लसिका ग्रंथी शाबूत होती का, हे विचारल्याशिवाय औषधं एकावर एक रचली गेली.

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न दूरचा नाही. तंबाखू आणि गुटख्याने तोंडाचा कर्करोग घरोघर पोचवला आहे, आणि इम्युनोथेरपी पूर्ण मात्रेत परवडणारे रुग्ण मोजकेच आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी बऱ्या न होऊ शकणाऱ्या डोक्या-मानेच्या कर्करोगात तीन आठवड्यांतून एकदा फक्त 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिलं. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी 240 असते. सोबत रोज किंवा आठवड्याला घ्यायच्या कमी मात्रेच्या गोळ्या होत्या: मेथोट्रेक्सेट, एर्लोटिनिब आणि सेलेकॉक्सिब. 2023 मध्ये छापलेल्या निकालात एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. सेलेकॉक्सिब हे प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखणारं, सांधेदुखीवरचं जुनं स्वस्त औषध. रेव्हेस यांच्या मेलेल्या पेशींनी जो निरोप धाडला होता त्याच्याच वाटेवर ते उभं राहतं. या चाचणीने ते सिद्ध केलेलं नाही, आणि मीही तसा दावा करत नाही. पण हा प्रश्न विचारून ती वाट नीट तपासावी, असं कुणाला वाटत कसं नाही?

वाटत नाही, कारण डॉक्सोरुबिसिन, ऑक्झालिप्लॅटिन, सेलेकॉक्सिब यांची पेटंटं केव्हाच संपली आहेत. कोणत्या जुन्या औषधाने आधी मारलं की पुढचं नवं औषध थोडक्या मात्रेत पुरेल, हे शोधण्यात कोणत्याही कंपनीचा नफा नाही. हे काम सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक रुग्णालयांनीच करायला हवं. ज्या रुग्णालयात वर्षाला हजारो तोंडाचे कर्करोग येतात तिथे रुग्णाच्या संमतीने पहिल्या डोसनंतर दहा-बारा दिवसांनी गाठीतून सुईने एक तुकडा घेता येतो. त्यावर कॅलरेटिक्युलिन आलं का, आत डेंड्रिटिक पेशी शिरल्या का, कर्कपेशी मारणाऱ्या सीडी-8 टी-पेशी कडेला अडकल्या की मध्यापर्यंत पोचल्या, हे पॅथॉलॉजीतल्या प्रतिपिंडांच्या रंगचाचणीने पाहता येतं. तो तुकडा आपण घेत नाही. घेतला तरी मेलेल्या पेशी मोजतो आणि अहवाल बंद करतो. मग सहा महिन्यांनी रोग उलटतो तेव्हा ‘कर्करोगच चिवट’ असं म्हणायचा आपल्याला काय अधिकार आहे?